कंपनी भरपगारी दोन दिवस देऊन गावात श्रमदानाला नेणार म्हणते, याचा खरंच काही फायदा असतो का की नुसते फोटो?

असतो भाऊ, पण एचआरवाले मीटिंगमध्ये सांगतात तो नाही. मी बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, गाव यवतमाळकडचं, म्हणजे श्रमदान करणारा अन् ज्याच्या गावात लोक श्रमदानाला येतात तो, दोन्ही मीच.

२०१८ च्या १ मेला पानी फाउंडेशनच्या महाश्रमदानाला कंपनीनं बस केली, आर्वी तालुक्यात. त्याच्या आदल्या वर्षी याच तालुक्यातलं काकडदरा गाव वॉटर कपमध्ये, म्हणजे फाउंडेशनच्या पाणी अडवायच्या गावोगावच्या स्पर्धेत, राज्यात पहिलं आलेलं, त्यामुळे तिकडे जोर होताच. आम्ही टी-शर्ट घालून, बॅनर घेऊन नऊ वाजता पोचलो. गाववाले पहाटे साडेपाचपासून खणत होते अन् ऊन चढलं म्हणून आता आवरत होते! एका आजीनं माझ्या हातातली कुदळ पाहून म्हटलं, "असी नाही धरत बाप्पा, फोड येतीन." आलेच. तीस जणांनी मिळून पावसाचं पाणी जिरवायचा जेमतेम साठ मीटर चर खणला असेल. दोन फूट रुंद, फूटभर खोल चरात मीटरला साधारण १८० लिटर पाणी मावतं, म्हणजे एकदा भरला की आमचं अख्ख्या टीमचं काम दहा-अकरा हजार लिटर, एक टँकर धरा. जेसीबीनं ते चहा होईस्तोवर केलं असतं, अन् वरून त्या गावानं आम्हा तीस जणांचा स्वयंपाक केला तो वेगळा.

मग फायदा कुठं? एक तर प्रॉडक्शन अन् क्वालिटीवाले, जे वर्षभर रिजेक्शनवरून भांडायचे, ते एका रांगेत घमेली देत होते, आणि आमचे मॅनेजर साहेब तिसऱ्याच घमेल्याला धापा टाकायला लागले तेव्हा एका ऑपरेटरनं त्यांना सावलीत बसवून पाणी पाजलं. त्यानंतर तो पोट्टा साहेबाच्या केबिनमध्ये बिनधास्त जायला लागला, मशीनचा आवाज बदललाय हे आधी तो सुपरवायझरला सांगायलाही घाबरायचा. हा फायदा कोणत्याच रिपोर्टात येत नाही.

पण खरं काम झालं ते पुढच्या वर्षी. तेव्हा आम्हीच म्हटलं की बस नको, आम्ही चौघं जातो, एक इलेक्ट्रिशियन, एक वेल्डर, दोन फिटर. जिल्हा परिषदेच्या शाळेत अर्थिंग नव्हतं, बोअरच्या मोटरचा स्टार्टर जळका, गेट मोडकं. तीन-चार तासांत सगळं केलं. मुख्याध्यापक सर अजूनही काही बंद पडलं की आमच्या इलेक्ट्रिशियनलाच फोन लावतात. म्हणून माझं मत विचाराल तर ज्याला जे येतं तेच करायला न्या, आणि त्याच गावात पुन्हा न्या, दरवर्षी नवं गाव धरलं की फक्त बॅनर जुना राहतो.

आता पैशाचं. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर, खर्चावे लागतात, हे २०१४ पासून आहे. लोकांना वाटतं आपलं श्रमदान त्यातच जिरवतात. तसं नाही, कामगारांच्या वेळेची किंमत लावून ती या खर्चात दाखवता येत नाही, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे तुमचे ते दोन दिवस भरपगारी असतील तर कंपनी खरंच खिशातून देतेय, चांगलं आहे, जा. रविवारी बोलावलं तर मात्र खिसा तुमचा.

अन् एक गोष्ट आधीच विचारून घ्या, कंत्राटी पोरांना हे दिवस मिळणार का. आमच्या त्या वेल्डरचं नाव ठेकेदाराच्या मस्टरवर होतं. शाळेचं गेट त्यानंच जोडलं, अन् महिन्याच्या शेवटी त्याची एक हजेरी कापलेली निघाली. आम्ही तिघांनी वर्गणी करून दिली, त्यानं घेतली नाही.