नजरबंदी, कण्कट्टु आणि हातचलाखी

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय: कानडीत जादूच्या खेळाला ‘कण्कट्टु’ म्हणतात. कण् म्हणजे डोळा, कट्टु म्हणजे बांधणं. मग आपली ‘नजरबंदी’ हे त्याचंच भाषांतर का? आणि हातचलाखीहून ती वेगळी कशी?

भाषांतर नसावं. ‘नजर’ मुळात अरबी, ‘बंदी’ फारसी, आणि ही जोडी याच अर्थानं हिंदीतही आहे. तिथं कानडीचा शेजार कुठला? (हिंदीत तिचा दुसरा अर्थ स्थानबद्धता. त्याला आपण नजरकैद म्हणतो.) हातचलाखीला मात्र कानडीत जुळा भाऊ शोभेल असा शब्द आहे, ‘कैचळक’. कै म्हणजे हात.

हातचलाखी खेळ करणाऱ्याच्या बोटांत असते, नजरबंदी बघणाऱ्याच्या डोक्यात. लहानपणी सौंदत्तीच्या जत्रेत एकानं चेंडू दोनदा उडवून झेलला, तिसऱ्यांदा तो हवेतच नाहीसा झाला. ‘वर गेलेला मी बघितलोय की आज्जा!’ म्हणून मी भांडलो. चेंडू मुठीतच होता. नेमक्या याच खेळावर गुस्ताव कून आणि मायकेल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. शेवटच्या वेळी नुसता हात हलवून जादूगार वर बघायचा, तेव्हा ६८ टक्के लोकांना चेंडू वर गेलेला ‘दिसला’. तो हाताकडेच बघत राहिला, तेव्हा फक्त ३२ टक्क्यांना. खरी गंमत पुढंच. प्रेक्षकांच्या बुबुळांची हालचाल टिपली, तर चेंडू जिथं दिसला म्हणत होते तिथं बहुतेकांचे डोळे गेलेच नव्हते. ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे वळत होते. त्याच्या नजरेवरून मेंदूनं पुढचं ताडलं आणि ताडलेलं पाहिलं म्हणून खपवलं.

म्हणून मला कण्कट्टुपेक्षा नजरबंदी नेमका वाटतो. मराठीत डोळा आणि नजर एक नव्हेत. ‘शेतावर नजर ठेव’ राखणदाराला सांगतात. शेतावर डोळा ठेवतो तो भाऊबंद! आणि ‘नजरेतून सुटलं’ म्हणतो तेव्हा डोळे उघडेच असतात, सुटतं ते लक्ष. ‘दृष्टिभ्रम’ इथं वापरू नये. पाण्यात काठी वाकडी दिसते तो दृष्टिभ्रम, त्याला जादूगार लागत नाही.

विचारलं नाहीत, तरी सांगतो: ‘गारुडी’ गरुडावरून, सापाचं विष उतरवणाऱ्या मंत्रांतून आला. कानडीत तोच ‘गारुडिग’. आणि धारवाडचे कानडी कवी द. रा. बेंद्रे यांना, ज्यांची घरची बोली मराठी, कानडी लोक ‘शब्दगारुडिग’ म्हणतात.