गेम स्ट्रीमिंग आणि व्हिडिओ रेंडरिंग दोन्ही करायचं असेल तर कोणता प्रोसेसर घ्यावा?

तुम्ही जळगावात राहता, व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळता, ते यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचंय आणि नंतर त्याच रेकॉर्डिंगचे व्हिडिओ कापून टाकायचेत. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलंय. मित्र म्हणतो, स्ट्रीमिंग करायचं तर इंटेलच्या सगळ्यात वरच्या आय९ प्रोसेसरशिवाय भागणार नाही. त्याचं ऐकावं का, असं विचारलंय तुम्ही.

ऐकू नका. तुमच्या कामाला आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा स्वतंत्र भाग) एएमडीचा रायझन ७ ७७०० पुरेसा आहे आणि उरलेले पैसे रॅम आणि एसएसडीवर घाला. का ते सांगतो, कारण हीच चूक आमच्या घरात होता होता राहिली.

माझा धंदा लग्नाचे व्हिडिओ एडिट करण्याचा. २०२० मध्ये धाकट्या भावाने माझ्याच मशीनवरून स्ट्रीमिंग सुरू केलं. प्रोसेसर रायझन ५ ३६०० आणि ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर. त्याच्या स्क्रीनवर गेम मस्त पळत होता, पण बघणाऱ्याचा मेसेज आला, "दादा, चित्र थांबून थांबून येतंय." ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरच्या तळाशी लाल अक्षरांत ओळ आली होती, 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड', म्हणजे व्हिडिओ आवळायचं काम झेपत नाहीये. मी तर दुकानात फोन करून आठ कोअरच्या प्रोसेसरचा भाव विचारून ठेवला होता. पैसे पाठवायच्या आधी सेटिंग्ज उघडून बघितली तर एन्कोडरच्या (व्हिडिओ आवळणाऱ्याच्या) खान्यात एक्स२६४ निवडलेलं, तेही 'मीडियम' या जड प्रीसेटवर, म्हणजे तयार सेटिंगवर. तिथे एनव्हिडियाचा एनव्हेंक निवडला, स्ट्रीम परत चालू केला आणि ती लाल ओळ गेली ती गेलीच. तेच मशीन भावाने पुढे दोन वर्षं वापरलं.

झालं होतं असं. एक्स२६४ चित्र आवळायचं काम प्रोसेसरच्या कोअरवर करतं आणि गेमलाही तेच कोअर हवे असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद. तेवढ्यात काम उरकलं नाही की फ्रेम सोडून द्यावी लागते. एनव्हेंक हा ग्राफिक्स कार्डावरचा वेगळा भाग आहे, त्याला हेच एक काम. प्रोसेसरवर त्याचा भार जवळजवळ पडत नाही. पूर्वी त्याचं चित्र खराब यायचं, म्हणून जुने लोक अजून एक्स२६४ चा आग्रह धरतात. एनव्हिडियाच्या कार्डांच्या २०१८ च्या ट्युरिंग पिढीपासून ती तक्रार राहिलेली नाही. तुमच्या ४०६० मध्ये तर एव्ही१ या नव्या व्हिडिओ फॉरमॅटचा एन्कोडरही आहे आणि २०२३ पासून ओबीएसमधून यूट्यूबला एव्ही१ मध्ये स्ट्रीम पाठवता येतो. तेवढ्याच बिटरेटला (सेकंदाला जाणाऱ्या डेटाला) चित्र जास्त स्वच्छ दिसतं.

मशीन आलं की ओबीएसमध्ये 'स्टॅट्स' उघडून ठेवायची सवय लावा. तिथे तीन वेगळे आकडे दिसतात. रेंडरिंग लॅग वाढला तर ग्राफिक्स कार्ड दमलंय. गेमला एफपीएसची (सेकंदाला किती फ्रेम याची) मर्यादा घाला, कार्डाला ओबीएससाठी थोडी जागा मिळते. एन्कोडिंग लॅग वाढला तर एन्कोडर बदला किंवा प्रीसेट हलका करा. नेटवर्कच्या ड्रॉप्ड फ्रेम वाढल्या तर दोष इंटरनेटच्या अपलोडचा, त्याला आय९ काय करणार? लोक हे न बघता थेट प्रोसेसर बदलतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता रेंडरिंग, म्हणजे कापलेला व्हिडिओ तयार करून काढणं. इथे प्रोसेसरचा प्रश्न खरा आहे, पण तो तुमच्या फुटेजवर ठरतो. ओबीएसचं रेकॉर्डिंग साधं ८-बिट ४:२:० असतं, म्हणजे त्यात रंगाची माहिती कमी असते. ते उलगडायला आणि परत आवळायला ४०६० समर्थ आहे. माझं तसं नाही. लग्नाचं शूट हल्ली जास्त रंगमाहितीच्या १०-बिट ४:२:२ एच.२६५ फॉरमॅटमध्ये येतं आणि ते हार्डवेअरवर उलगडणं एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना जमत नाही. रायझन ७००० मधल्या छोट्या ग्राफिक्सलाही नाही. टाइमलाइनवर बोट ठेवलं की चित्र अडतं, वरातीचा एक शॉट कापायला जीव जातो. इंटेलच्या १२व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा-आवळणारा भाग, ते सहज करतं. म्हणून माझ्याकडे आज इंटेलचा आय५-१४५०० आहे. उद्या तुम्ही तसल्या कॅमेऱ्यावर शूट करणार असाल तर माझं उत्तर बदलेल, तेव्हा इंटेल घ्या. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेलं मॉडेल नको. दोनेक हजार वाचवायला लोक ते घेतात आणि त्यात अंगचं ग्राफिक्स नसल्याने क्विक सिंकही नसतं. १३व्या-१४व्या पिढीचा घेतलात तर मदरबोर्डचं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा. त्यातल्या काही प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोडची, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची, दुरुस्ती काढली; ती बायॉसमधून येते.

ब्लेंडरमध्ये थ्रीडी करणार असाल तरी सायकल्स (त्यातलं रेंडरिंग करणारं इंजिन) कार्डावरच चालवाल, त्यामुळे त्यासाठी १६ कोअर नकोत. रायझन ७ ७८००एक्स३डीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. ९६ एमबी कॅशमुळे (प्रोसेसरमधल्या झटपट मेमरीमुळे) गेममध्ये तो फार वेगवान आहे, पण व्हिडिओ एक्सपोर्टला त्या कॅशचा फारसा उपयोग नाही.

जळगावचं म्हणून एक मुद्दाम सांगतो. मे महिन्यात तुमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो. आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत वीज ओढतो. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत त्याला थंड ठेवायला मोठा लिक्विड कूलर लागेल आणि खोली तापेल ती वेगळीच. ७७०० ची मर्यादा ८८ वॅटच्या आसपास आहे आणि बॉक्सपॅक घेतलात तर कंपनीचा कूलर सोबत येतो. दुकानदार ट्रे पॅक (कूलर नसलेला सुटा प्रोसेसर) दाखवेल, तो घेऊ नका. शिवाय एएम५ सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) असल्याने पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट १४व्या पिढीपाशी संपला.

रॅम ३२ जीबी घ्या, पण १६ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली तर मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. जोडणी झाली की बायॉसमध्ये एक्स्पो (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू केलंय का ते दुकानातच बघून घ्या. टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर वेग वाचा: ६००० ची रॅम घेऊन तिथे ४८०० दिसत असेल तर ते चालू करायचं राहिलंय, तिथेच करून मागा.