माउंट अँड ब्लेड २ : बॅनरलॉर्ड या व्हिडिओ गेममध्ये कीबोर्डवर घोडा वळतच नाही, भिंतीला जाऊन धडकतो. काय चुकतंय?

घोडा माऊसने वळवू नका. लगाम म्हणजे ए आणि डी या कळा, माऊस फक्त नजर आणि शस्त्रासाठी. पायी चालताना माऊस फिरवला की पात्रही त्या दिशेला वळतं, त्यामुळे हात तीच सवय घोड्यावर घेऊन येतो. इथे मात्र घोडा एकीकडे धावतो आणि तुम्ही दुसरीकडे बघू शकता, धावत्या घोड्यावरून बाजूला बाण मारता येतो तो यामुळेच. दुसरी गोष्ट वेगाची. भरधाव घोड्याला वळायला मोठी जागा लागते, म्हणून ए-डी कितीही दाबून धरलं तरी भिंत गाठलीच जाते. वळणाच्या थोडं आधी एस दाबून वेग कमी करा, मग वळा, सरळ झाल्यावर डब्ल्यू. मोकळ्या मैदानात आठाच्या आकड्यात फेऱ्या मारा. आधी नजर समोर ठेवून, मग मुद्दाम बाजूला बघत. खरी परीक्षा ही दुसरी! सगळ्या गेम्समध्ये असं नसतं हं. काहींत घोडा कॅमेऱ्याच्या दिशेनेच जातो, तिथे माऊसनेच वळवायचं.