गाडीचे प्रश्न: गिअरबॉक्स कूलरच्या नळीची गळती

प्रश्न: माझी ऑटोमॅटिक सेडान आठ वर्षांची आहे. रात्रभर उभी राहिली की पुढच्या बाजूला फरशीवर लालसर तेलाचे डाग दिसतात. कात्रजचा घाट चढताना गिअरही उशिरा पडतो. गॅरेजवाले म्हणतात, गळणारा भाग कापून रबरी पाइप टाकू. सर्व्हिस सेंटर अख्खी लाइन बदलायला सांगतं. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: गिअरबॉक्सचं तेल थंड व्हायला कूलरपर्यंत नेणाऱ्या नळीत, म्हणजे लाइनमध्ये, गळती नेमकी कुठे आहे, त्यावर ते ठरेल. आणि गिअर उशिरा पडतोय म्हणजे बहुधा तेल आधीच कमी झालंय. पातळी भरल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नका. तेल कमी पडलं की पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो आणि आतले क्लच घसरून जळतात.

आधी गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. डाग लाल आणि तेलकट असेल तर ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. मात्र काही गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच तेल असतं, तेव्हा ती टाकीही बघा. डाग पाण्याने सहज धुतला गेला तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. मग नळ्या ब्रेक क्लीनरने स्वच्छ करून पुसा, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि टॉर्च लावून बघा. तेल नळीवरून ओघळत सर्वांत खालच्या जागी येऊन टपकतं, त्यामुळे गळतीची जागा टपकण्याच्या जागेच्या वर शोधायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

बहुतेक वेळा गळती रबर आणि धातूची नळी जोडणाऱ्या क्रिंपपाशी, म्हणजे दाबून घट्ट बसवलेल्या धातूच्या कड्यापाशी निघते. त्यावर क्लिप आवळून किंवा एम-सील थापून काही होत नाही. अख्खी लाइन बदला, नाहीतर भोसरीत हायड्रॉलिक होज क्रिंप करणाऱ्यांकडून त्याच मापाचा, एटीएफला चालणारा होज बसवून घ्या. जोड बॅन्जो बोल्टचा (आतून तेल जाणाऱ्या पोकळ बोल्टचा) असेल तर त्याचे दोन्ही वॉशर नवे टाका. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही. ओ-रिंगही नवी, एटीएफ लावून. रेडिएटरकडचा नट सोडताना दोन पाने (स्पॅनर) वापरा, एकाने मागचं फिटिंग धरा. ते फिरलं तर टाकी तडकते आणि खर्च लाइनच्या कितीतरी पट होतो.

धातूची नळी क्लॅम्पखाली गंजून भोक पडलं असेल (पावसाळ्यातला चिखल तिथेच साठतो), तर गॅरेजवाल्यांचा उपाय चालेल, पण अटींवर. नळी ट्यूब कटरने कापायची. हॅक्सॉने कापली तर धातूचा कीस थेट व्हॉल्व्ह बॉडीत (गिअरबॉक्समधला तेलाचा दाब वळवणारा भाग) जातो. कापलेल्या टोकाला उंचवटा काढून घ्यायचा, नाहीतर गुळगुळीत नळीवरून होज दाबाने निसटतो. होज किमान 25 मिलिमीटर आत चढवायचा. नाना पेठेत होज घेताना ‘ट्रान्समिशन ऑइल कूलरचा’ असं स्पष्ट सांगा. रेडिएटरचा साधा पाण्याचा होज तेलाने फुगतो आणि काही महिन्यांत मऊ पडतो. एवढं काटेकोर करणार नसतील तर लाइनच बदला.

सांडलेलं तेल मापून घ्या आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच ग्रेडचं भरा. ‘लाल तेल सगळं सारखंच’ हे खरं नाही. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये थोडा वेळ ठेवा, मग पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत ती इंजिन चालू ठेवूनच बघतात. डिपस्टिक (पातळी बघायची पट्टी) नसेल तर गाडी सपाट जागी हवी आणि तेलाचं तापमान कंपनीने दिलेलं. तिथे स्कॅनर असलेलं गॅरेजच बरं. तेल काळपट असेल, जळका वास येत असेल, तर गळती थांबूनही गिअरची तक्रार राहू शकते.

प्रश्न: कूलंटच्या टाकीत लस्सीसारखा गुलाबी फेस आलाय. हीच गळती का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: नाही. बहुधा रेडिएटरच्या आत बसवलेला कूलर फुटलाय आणि एटीएफ कूलंटमध्ये मिसळतंय. पाणी उलट गिअरबॉक्समध्येही जातं आणि क्लचचं अस्तर सुटतं. इंजिन सुरू न करता गाडी टो करून न्या. रेडिएटर बदलून दोन्ही बाजू पूर्ण फ्लश करून घ्या. गाडी एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप चालणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) असेल तर मात्र कारण वेगळं शोधा, कारण तिला हा कूलर नसतोच.