लेकीला ‘शेक देणाऱ्या मशीन’चं काम करायचंय

पत्र : मी सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहे. मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या साली माझ्या बहिणीला तोंडाच्या कॅन्सरसाठी बार्शीला ३३ वेळा शेक (रेडिएशन) दिला. मुलगी सोबत जायची. तेव्हापासून मेडिकल फिजिसिस्ट व्हायचंच म्हणते. डॉक्टर नाही, नर्स नाही, मग हे काम काय असतं? रेडिएशननं पोरीला काही होणार नाही ना? आम्ही बी.एड. म्हणतोय.

उत्तर : दादा, नमस्कार. किती डोस द्यायचा ते डॉक्टर ठरवतात. तो गाठीवर नेमका पडेल, शेजारच्या मज्जारज्जूला आणि लाळग्रंथींना शक्य तितका कमी लागेल, असा आराखडा फिजिसिस्ट बसवतो. आणि कागदावर ठरलं तेच मशीन देतंय का, हे मोजून बघतो. पेशंटला तो फारसा दिसत नाही. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी त्याचं मोजमाप उरकलेलं असतं.

शेक देणाऱ्या काही मशीनमध्ये कोबाल्ट-६० हा किरण सोडणारा पदार्थ असतो. तुमच्या लेकीला विचारा, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, किती? ५.२७ वर्षं, ती लगेच सांगेल. म्हणजे कोबाल्टच्या मशीनची ताकद महिन्याला साधारण एक टक्क्यानं उतरते आणि तेवढाच डोस द्यायला पेशंटला जास्त वेळ ठेवावं लागतं. हा हिशेब चुकला तर डोस कमी पडतो. जास्त डोस झाला तर कातडी भाजते, लोक आरडाओरडा करतात. कमी पडला तर कुणाची तक्रार येत नाही. गाठ परत येते तेव्हा कळतं. मला तर ही दुसरी चूकच जास्त भीतीची वाटते.

चुका झालेल्याही आहेत. १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या शेक देणाऱ्या मशीननं सहा जणांना भयंकर जास्त डोस दिला, काही जण त्यात गेले. आधीच्या मॉडेलांत चुकीच्या वेळी किरण सुटू नयेत म्हणून यंत्रातच अडसर असायचा. या मॉडेलात तो काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. ऑपरेटरनं आकडे भराभर दुरुस्त केले की पडद्यावर दुरुस्ती दिसायची, पण आतलं मशीन जुन्याच मांडणीवर राहायचं. पडद्यावर न विसंबता स्वतः मोजणारा माणूस लागतो तो यासाठी. एक विचारतो, प्रॅक्टिकलला रीडिंग जुळलं नाही तर लेक ते पुन्हा घेते, की मैत्रिणीच्या वहीतून उतरवते? उतरवत असेल तर बी.एड. बरं. (अर्थात चांगल्या शिक्षकालाही ही सवय हवीच, पण ते असो.)

पोरीच्या जिवाची काळजी रास्त आहे, पण घाबरू नका. मशीन जाड काँक्रीटच्या खोलीत असतं, किरण चालू असताना आत फक्त पेशंट. विजेवर चालणारं लिनॅक नावाचं मशीन तर बटण बंद केलं की किरण सोडतच नाही. काम करणाऱ्यांच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावरून किती रेडिएशन लागलं ते ठरावीक काळानं तपासतात. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (हे अंगाला लागलेलं रेडिएशन मोजायचं माप). लग्नाच्या वेळी कुणी पाहुण्यानं शंका काढलीच, तर हेच सांगा.

आता वाट. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. फिजिक्स, आपल्या सोलापूर विद्यापीठातही होतं. मग मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा, आणि पुढे हॉस्पिटलात एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे आजपासून साधारण पाच-सहा वर्षं. डिप्लोमाच्या जागा मोजक्या असतात, तेव्हा बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्हीकडे साठ टक्क्यांच्या वर राहायलाच हवं. पहिल्या फटक्यात नाही लागला नंबर, तरी हातात एम.एस्सी. राहते आणि तुमचं बी.एड. कुठं पळून जात नाही.

नोकरीचं म्हणाल तर किरणोपचार केंद्र फिजिसिस्टशिवाय चालवता येत नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियमच आहे. मात्र अशी केंद्रं गल्लोगल्ली नसतात. पोरगी सोलापूर सोडून जाईल, हे आतापासून घरात बोलून ठेवा.

बार्शीला बहिणीच्या तपासणीला पुन्हा जाल, तेव्हा तिथल्या फिजिसिस्टला भेटायची परवानगी मागा. पाण्याच्या टाकीत चेंबर (रेडिएशन मोजायचं छोटं उपकरण) सोडून डोस कसा मोजतात, ते दाखवा म्हणावं. जाताना लेकीची प्रॅक्टिकलची वहीही सोबत असू द्या.