बाबाचे तीन ऋतू, आजीचे सहा

ग्लासगो,
३० मार्च २०२६

प्रिय ठकू,

तुझ्या आठवड्याच्या वहीचे फोटो काल रात्री मिळाले. सात पानं, त्यातली दोन उलटी आणि एकावर पन्ह्याचा डाग. शेवटच्या पानावर लाल पेनाने चौकट करून तू लिहिलं आहेस: "आई, तू म्हणतेस तुझ्याकडे वसंत आला. बाबा म्हणतो आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच ऋतू. आजी म्हणते सहा, आणि वसंत पंचमी तर जानेवारीतच झाली. मग मुंबईत वसंत असतो की नसतो? एकच उत्तर दे."

असतो. हे झालं एकच उत्तर. आता बाकीचं ऐक.

बाबाचे तीन ऋतू कपाटाचे आहेत. माळ्यावरून छत्र्या खाली आल्या की पावसाळा, पंखा पाचावर गेला की उन्हाळा, आणि तो मरून स्वेटर घालून बाबा आरशासमोर उभा राहिला की हिवाळा. तो आठ-दहा दिवसांत आटोपतो. दादरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या माणसाला एवढे ऋतू पुरतात. मलाही इतकी वर्षं पुरले, खोटं कशाला बोलू.

आजीचे सहा दोन-दोन महिन्यांचे. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. मंगळवारच्या पानावर तू हे सगळं न बघता लिहिलंस आणि मार्गशीर्षसुद्धा बरोबर लिहिलंस, शाब्बास. (सतराच्या पाढ्याबद्दल मात्र सातही पानांवर एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे.) पण ही यादी कोणी मुंबईत बसून केलेली नाही. तिच्याप्रमाणे आषाढ म्हणजे ग्रीष्म, आणि आषाढात तर आपल्या हिंदमाताला गुडघाभर पाणी असतं! तेव्हा यादी पाठ असू दे, पण खिडकीबाहेर बघणं सोडू नकोस.

वसंत पंचमीचा घोटाळा तू बरोबर पकडलास. ती माघात येते, यंदा २३ जानेवारीला आली, म्हणजे आजीच्याच यादीप्रमाणे भर शिशिरात. मला ते असं वाटतं: पाहुण्यांची गाडी यायच्या अर्धा तास आधी आपण स्टेशनावर जाऊन उभे राहतो ना, तसं. पाहुणा अजून आलेला नसतो, पण आंब्याला मोहोर आलेला असतो. त्या दिवशी आजीने देवापुढे मोहोराचा तुरा ठेवला होता, आठवतं? तू त्याला शिंकलीस.

आता माझ्याकडचा वसंत. इथे डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि दुपारी पावणेचारला मावळतो. मी अंधारात कामावर जायचे आणि अंधारात घरी यायचे. आता संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड आहे, गवतातून पिवळे डॅफोडिल वर आलेत, आणि अंगावर जाड कोट असूनही लोक बागेत आइस्क्रीम खात बसलेत. भूगोलाच्या वहीत हे लिहून ठेव: ग्लासगो ५६ अंश उत्तरेला, मुंबई १९ अंश. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि मोठा १३ तासांहून थोडा जास्त. इथे लहान ७ तासांचा आणि मोठा साडेसतरा तासांचा. म्हणून इथली झाडं उजेडाची वाट बघत थांबतात आणि तो आला की सगळी एकदम सुटतात.

आपल्या झाडांना उजेडाची ददात कधीच नसते, ददात असते पाण्याची. ऑक्टोबरात पाऊस गेला की जूनपर्यंत थेंब नाही. मग कितीतरी झाडं पानं टाकून देतात, नुसत्या फांद्यांवर फुलतात, आणि पाऊस यायच्या आत बिया तयार करून मोकळी होतात. म्हणून मुंबईच्या वसंतात हिरवं शोधलंस तर काही सापडणार नाही. लाल शोध. काटेसावर लाल, पांगारा लाल, पळस केशरी-लाल, आणि पिंपळाची कोवळी पालवीसुद्धा आजीच्या तांब्याच्या गडूसारखी, नुकत्या घासलेल्या.

आणि तू ते शोधलंच आहेस की, तुला कळलं नाही एवढंच. सोमवारच्या पानावर गल्लीच्या तोंडाशी सापडलेलं सावरीचं फूल आहे. पाच जाड पाकळ्या, हाताला मेणासारख्या लागणाऱ्या, मध्ये केसरांचा झुबका. "पडताना टप्प असा आवाज आला, मला वाटलं कोणी काहीतरी फेकलं," असं तू लिहिलंस. मग किचनच्या काट्यावर त्याचं वजन केलंस, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलंस, ते निम्म्यावर आलं, आणि उरलेलं कुठे गेलं असं विचारलंस. पाणी होतं ग, हवेत गेलं. बाबाने शिकवलेल्या अपूर्णांकांच्या १४ गणितांपेक्षा मला हे एक वजन जास्त आवडलं, हे बाबाला सांगू नकोस. त्या झाडावर अजून बोंडं दिसतील, ती वाढू दे. मे महिन्याच्या आसपास ती उकलली की म्हातारीच्या केसांसारखा कापूस उडेल. तेव्हा वहीत पान राखून ठेव.

बुधवारी मात्र हसून माझी पुरेवाट झाली. राणीची बाग बुधवारी बंद असते हे अख्ख्या मुंबईला माहीत आहे, तुझा बाबा सोडून. भायखळ्याला बंद फाटकासमोर उसाचा रस पिऊन परत आलात, आणि तू पानावर विषय लिहिलास "प्रवास"! शुक्रवारी पुन्हा गेलात ते बरं केलंत. कैलासपतीचं चित्र छान आलंय. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून कशी फुटतात ते तू नीट दाखवलंस, आणि आत पिंड व वर नागाचा फणा, तोही. राणी कोण असं विचारलं आहेस. राणी म्हणजे इंग्लंडची व्हिक्टोरिया. बागेचं आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण लोकांच्या तोंडी राणी बसली ती बसलीच.

लिफ्टमध्ये काकूंनी "आज शाळा नाही वाटतं?" विचारल्यावर तू "आहे ना, डाळ भिजत घातलीय" म्हणालीस, तेही बाबाने मला वेगळं कळवलं. आपण घरशाळा सुरू केली तेव्हा अशा प्रश्नांना काय उत्तर द्यायचं याचा मी आरशासमोर सराव करायचे. तुझं उत्तर माझ्या सगळ्या उत्तरांपेक्षा बरं आहे.

त्या डाळीवरूनच आठवलं. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. आपल्याकडे वसंत बघायचा कमी आणि खायचा जास्त. पाडव्याला तू तोंड वाकडं करून कडुनिंबाची गोळी खाल्लीस (ओवा, हिंग, भिजवलेली डाळ आणि आजीने तुझ्यासाठी दुप्पट घातलेला गूळ), ती पहिली. मग चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसली, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत बसेल. या महिन्याभरात कुठल्या तरी एका दिवशी बायका हळदीकुंकू करतात आणि आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी देतात. मी तुझ्याएवढी असताना आमच्या चाळीत एका संध्याकाळी सहा-सहा घरी बोलावणं असायचं. फ्रॉकच्या दोन्ही खिशांत ओले हरभरे, हाताला अत्तर, अंगावर गुलाबपाणी, आणि पोटात सहा प्रकारचं पन्हं डुचमळतंय. कुणाचं उकडलेल्या कैरीचं, कुणाचं कच्च्या, कुणाकडे गूळ, कुणाकडे साखर. कुणाच्या पन्ह्यात वेलची जास्त झाली यावर जिन्यात आमची चर्चा व्हायची. मोठ्यांना वाटायचं मुली खेळतायत.

आजीने डाळीला माप सांगितलं नाही, "अंदाजाने" म्हणाली, म्हणून तू चिडलीस. तिला माप सांगता येत नाही असं नाही, तिचं माप हातात आहे. ते वहीत उतरवायचं काम तुझं. पुढच्या वेळी ती मूठ भरून डाळ घेईल तेव्हा ती मूठ आधी वाटीत ओत आणि मोज. चार-पाच तास भिजल्यावर पुन्हा मोज, एका वाटीच्या जवळपास दोन होतील. मग किसलेली कैरी तिला घालू दे आणि उरलेली मोजून वजा कर. तिची डाळ किती पट, कैरी किती पट, हे तुझं पुढच्या सोमवारचं अपूर्णांकाचं गणित. वाटताना भरड ठेवायला सांग, पीठ झालं तर ती चटणी होते. फोडणीत हिंग आणि सुकी मिरची, आणि फोडणी गार झाल्यावरच वर ओतायची. हे माप नव्हे, हा आग्रह.

चैत्रांगण मी मोठं करून बघितलं. शंख, चक्र, गदा, पद्म, सूर्य, चंद्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, फणी, आरसा, अंबारीचा हत्ती, मधोमध झोपाळ्यातली गौर. डावी-उजवी बाजू सारखी येते का हे बघायला बाबाने मध्ये दोरी धरली, ही कल्पना उत्तम. कासव मात्र पाय फुटलेल्या पोळीसारखं दिसतंय. राहू दे, पुसू नका.

आता एक कोडं. पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला, आणि यंदा १९ मार्चला. तो असा पुढे-मागे का पळतो? दोन दुवे देते. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्याला १२ ने गुण आणि ३६५ मधून वजा कर. जे उरेल तेवढा पाडवा दर वर्षी अलीकडे सरकतो. तो असाच सरकत राहिला असता तर एखाद्या वर्षी ऐन थंडीत कैरी शोधत फिरावं लागलं असतं. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जास्तीचा महिना घालतात, अधिक महिना. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, यंदा मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ आहे. वरच्या तारखांत उडी कुठे पडली ते शोध, आणि पुढच्या वर्षीचा पाडवा मार्चमध्ये येईल की एप्रिलमध्ये ते कॅलेंडर न बघता सांग. अधिक महिन्यात आजी जावयाला ३३ अनारसे देणार, तेव्हा बाबाला या गणितात फार रस असेल. त्यातले तुझे किती, तेही काढून ठेव.

माझ्या गुढीचं एक कबूल करायचंय. इथे वेळूची काठी मिळेना, म्हणून पडद्याचा दांडा काढला. त्याला माझी निळी खणाची साडी आणि वर तांब्या म्हणून स्टीलचा पेला पालथा. गाठी मागच्या वर्षी आणलेली जपून ठेवली होती, तिला मुंग्या नाहीत हे या देशाचं मोठं सुख. कडुनिंब मात्र कुठेच मिळाला नाही. शेवटी दुकानातून कढीपत्त्याची जुडी आणून तीच बांधली. दिवसभर गुढीला फोडणीचा वास येत होता. आजीला फोटो दाखवलास तर झूम करू देऊ नकोस.

गुरुवारी, २ एप्रिलला, चैत्री पौर्णिमा आहे. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राजवळ असतो तो चैत्र, नाव तिथूनच आलं. रात्री नऊच्या सुमाराला बाबाला घेऊन गच्चीवर जा. पूर्वेकडे चंद्र वर आलेला असेल, त्याच्या जवळपास एकच ठळक निळसर-पांढरा तारा दिसेल, तीच चित्रा. चंद्राचा उजेड डोळ्यावर येतो, तेव्हा चंद्र अंगठ्याने झाकून बघ. हा वसंताचा पुरावा बाबाच्या कपाटात मावायचा नाही.

आमची घड्याळं कालच्या रविवारी एक तास पुढे गेली. म्हणजे माझा तीनचा फोन तुला आता साडेआठऐवजी साडेसातला येईल, आजीच्या मालिकेच्या ऐन वेळेला. तिला आधीच समजावून ठेव. गुरुवारी मात्र फोन मी सव्वानऊला करते, माझ्याकडे तेव्हा पावणेपाच वाजलेले असतील, चंद्र उगवलेलाही नसेल. तू बघून मला सांग, चित्रा चंद्राच्या वर आहे, खाली आहे की बाजूला. मग रात्री मी इथे त्याच बाजूला शोधीन, ढग नसले तर.

तुझी,
आई