जुन्या जपानी पोर्टेबल टीव्हीला एचडीएमआय प्लेयर कसा जोडायचा?

भाऊ, टीव्हीच्या पाठीवरचं सगळं लिहून पाठवलं ते फार बरं केलं: 5 इंची ब्लॅक अँड व्हाइट, व्हीएचएफ (खालच्या पट्टीतली चॅनेलं) 1 ते 12, यूएचएफ (वरच्या पट्टीतली) 13 ते 62, एसी 100 व्होल्ट, डीसी 12 व्होल्ट, एव्ही इन (चित्र-आवाजाची वायर थेट लावायचं भोक) नाही. त्याला पेनड्राइव्हवाला एचडीएमआय प्लेयर लावून जागलीला शेतात न्यायचा आहे, असं तुम्ही म्हणता. जमतं.

यूएचएफ 13 ला सुरू होऊन 62 ला संपतो, म्हणजे हा सेट जपानच्याच बाजारासाठी बनलेला. अमेरिकन सेट 14 पासून आणि युरोपचे 21 पासून सुरू होतात. जपानी म्हणजे एनटीएससी ही टीव्ही सिग्नलची पद्धत: 525 रेषा, सेकंदाला 60 फील्ड (अर्धी चित्रं), आवाज चित्रापासून 4.5 मेगाहर्ट्झवर. आपल्याकडच्या पाल पद्धतीमध्ये 625 रेषा, 50 फील्ड आणि आवाज 5.5 वर. पुढच्या बहुतेक अडचणी या फरकातूनच येतात.

आधी करंट. घरच्या 230 व्होल्टच्या लाइनवर हा सेट थेट लावला तर ट्रान्सफॉर्मर जळेल. तुम्हाला शेतातच न्यायचा आहे, तर फवारणी पंपाची 12 व्होल्टची बॅटरी सगळ्यात चांगली. डीसी पिनजवळ छोटं गोल चिन्ह असतं, ते भिंगाखाली नीट पहा. जुन्या जपानी सेटमध्ये मधली पिन बऱ्याचदा मायनस असते, आपल्या ॲडाप्टरच्या उलट. मल्टीमीटरने खात्री केल्याशिवाय पिन घालू नका. प्लसच्या वायरीत 2 अँपिअरचा फ्यूज टाका. बॅटरी चार्जिंगला असताना टीव्ही लावू नका, तेव्हा व्होल्टेज 14 च्या वर जातं. चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागलं की बॅटरी उतरली समजा आणि बंद करा.

आता सिग्नल. सेटमध्ये शिरायची वाट फक्त अँटेना. म्हणून प्लेयरपुढे एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर, त्यापुढे आरएफ मॉड्युलेटर (चित्र-आवाजाचा अँटेनातून जाणारा चॅनेल बनवणारा डबा), मग टीव्ही. कन्व्हर्टरच्या अंगावर पाल/एनटीएससी असं बारीक बटण असतं, ते एनटीएससीकडे सरकवा. त्याला 5 व्होल्ट लागतात, ते वेगळ्या पॉवर बँकवरून द्या. टीव्हीच्याच बॅटरीवर स्वस्तातला मोबाइल चार्जर लावून दिले, तर पडद्यावर तिरप्या रेघा फिरण्याची शक्यता असते.

मॉड्युलेटर यूएचएफचा घ्या. जुन्या व्हिडिओ गेमचे 3-4 चॅनेलवाले इथे चालत नाहीत. ते चित्र 55 किंवा 62 मेगाहर्ट्झवर सोडतात आणि जपानी व्हीएचएफ 90 पासून सुरू होतो. यूएचएफमध्ये मात्र सोय आहे. मॉड्युलेटरचं चॅनेल 21 आणि जपानी चॅनेल 13, दोन्हींचं चित्र 471.25 मेगाहर्ट्झवरच असतं. आपल्याकडचं चॅनेल 8 मेगाहर्ट्झचं, त्यांचं 6 चं, म्हणून पुढे आकडे सरकतात: मॉड्युलेटरवर 36 असेल तर टीव्हीचा काटा 33 जवळ न्या.

अँटेनाचं भोक हेडफोनसारखं 3.5 मिमीचं असेल तर मोनो पिन घ्या. टोकाला वायरीची मधली तार, बुडाला जाळी. डिशची जाड वायर त्या पिनमध्ये मावत नाही, 75 ओहमची बारीक वायर मागा. भोकाऐवजी दोन स्क्रू असतील तर 300 ते 75 ओहमचा बॅलून (दोन्ही जुळवणारा छोटा जोड) मध्ये लागेल.

चित्र वर-खाली पळत असेल तर मागची व्ही-होल्डची (चित्र उभ्या दिशेने स्थिर करणारी) घुंडी अगदी हळू फिरवा. पळणं मंदावतं, काळी पट्टी रेंगाळते आणि मग चित्र एकदम जागेवर बसतं. चेहरे निगेटिव्हसारखे दिसले किंवा चित्र वाकडं झालं, तर सिग्नल जास्त आहे, मध्ये 10 डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) टाका. चित्र चांगलं पण आवाजाऐवजी नुसतं खरखर, म्हणजे मॉड्युलेटर 5.5 वर आवाज सोडतोय. त्याला 4.5 ची सोय नसेल तर त्यापायी खटपट करू नका. कन्व्हर्टरच्या लाल-पांढऱ्या वायरी एखाद्या छोट्या स्पीकरला द्या. मी तर हेच सुचवेन, कारण त्या दोन इंची स्पीकरपेक्षा आवाज नक्कीच बरा येतो.

कडेचं थोडं चित्र कापलं जाईल. सबटायटल लागत असतील तर प्लेयरच्या सेटिंगमध्ये 4:3 करा आणि चित्र जरा लहान ठेवा.

मागचं झाकण उघडून आत एव्ही पिन बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते काही वेळ राहतात.

नागपूरला बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) सामान घ्यायला गेलात तर डब्यावर ‘एचडीएमआय टू एव्ही’ लिहिलेलं आहे ना, ते वाचा. ‘एव्ही टू एचडीएमआय’चा डबा हुबेहूब तसाच दिसतो, पण काम उलटं करतो.